रस्त्यावरचा चित्रकार आणि दफनभूमीची भिंत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या टेबलावर एक निनावी पत्र येऊन पडले. निनावी पत्रांना उत्तर देऊ नये, असे सेमिनरीत आम्हांला शिकवले होते आणि पाळकीय सेवेच्या इतक्या वर्षांत हा नियम मी बहुधा पाळत आलो आहे. परंतु या पत्राचे अक्षर वळणदार होते, भाषा शुद्ध होती आणि राग प्रामाणिक होता. शिवाय त्यातला प्रश्न पत्र लिहिणाऱ्या एकट्याचा नव्हता. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर तो कुजबुजत फिरत होता. कुजबुजीला उत्तर उघड द्यावे लागते. म्हणून हा लेख.

प्रसंग साधा आहे. आमच्या दफनभूमीची रस्त्याकडची भिंत वर्षानुवर्षे शेवाळ, पानाच्या पिचकाऱ्या आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांनी नटलेली असते. युवक मंडळाच्या मुलामुलींनी ती घासून त्यावर भित्तिचित्र काढण्याची परवानगी मागितली. वहीत त्यांनी नमुना काढून आणला होता: हात वर करून नाचणारी, एकमेकांना उचलून धरणारी, डोळे-नाक नसलेली ठसठशीत रेषेची माणसे आणि मध्यभागी रांगणारे, किरण फेकणारे एक बाळ. ‘कुणाचे पाहून काढलेत?’ असे मी विचारले, तेव्हा त्यांनी नाव सांगितले: कीथ हेरिंग. पत्रलेखकाने पुढचा शोध स्वतः घेतला आणि मला तीन गोष्टी कळवल्या. हा मनुष्य सार्वजनिक मालमत्तेवर चित्रे काढल्याबद्दल पोलिसांच्या हाती लागलेला होता. तो समलिंगी होता आणि एड्सने मेला. आणि तिसरे म्हणजे ही चित्रे कला नसून पोरखेळ आहे, टी-शर्टावर छापण्याच्या लायकीचा. अशा माणसाची चित्रे आमच्या पूर्वजांच्या थडग्यांशेजारी? फादर, तुमचे भान हरपले आहे काय?

भान शाबूत आहे. तिन्ही आक्षेपांचा विचार मी ओळीने करतो. पण ज्याच्यावर खटला भरायचा, त्याची कैफियत आधी ऐकून घेणे हा न्यायाचा पहिला नियम आहे.

कीथ हेरिंग यांचा जन्म ४ मे १९५८ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यात झाला. बालपण कुट्झटाउन नावाच्या लहानशा गावात, प्रॉटेस्टंट कुटुंबात गेले. वडील हौसेने व्यंगचित्रे काढीत. मुलाच्या हातात पेन्सिल त्यांनीच दिली. किशोरवयात हा मुलगा ‘जीझस मूव्हमेंट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या तरुणांच्या चळवळीकडे ओढला गेला होता. पुढे ती वाट सुटली. पिट्सबर्गच्या व्यावसायिक कलाशाळेतले शिक्षणही त्याने अर्ध्यावर सोडले. १९७८ साली तो न्यूयॉर्कला आला आणि ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्‌स’मध्ये दाखल झाला.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर जाहिरातींच्या चौकटी असत. एखाद्या जाहिरातीची मुदत संपली आणि दुसरी मिळाली नाही, की त्या चौकटीवर काळा कागद चिकटवला जाई. १९८० साली हेरिंगने असा एक काळा कागद पाहिला, वर जाऊन पांढरा खडू विकत आणला आणि त्यावर चित्र काढले. १९८५पर्यंत तो हे करीत राहिला. एखाद्या दिवशी तीस-चाळीस चित्रेही काढी. कामावर जाणारे, कामावरून येणारे, शाळकरी पोरे, सफाई कामगार थांबून पाहत. त्यांना तिकीट लागत नव्हते आणि चित्रावर सहीही नव्हती. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडले, दंड केला.

१९८२ साली शाफ्राझी यांच्या कलादालनात त्याचे प्रदर्शन झाले आणि हा रस्त्यावरचा पोरगा जगप्रसिद्ध झाला. १९८६ हे वर्ष पाहा. हार्लेमच्या एका खेळाच्या मैदानातील भिंतीवर त्याने ‘क्रॅक’ या घातक अमली पदार्थाविरुद्ध परवानगीवाचून चित्र काढले. त्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली आणि पुढे त्याच शहराने ते चित्र पुन्हा काढण्यासाठी त्याला बोलावले. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त त्याने शेकडो मुलांना बरोबर घेऊन एक प्रचंड फलक रंगवला. २३ ऑक्टोबरला बर्लिनच्या भिंतीच्या पश्चिम बाजूवर त्याने सुमारे तीनशे फूट लांबीची, एकमेकांचे हातपाय धरून उभी राहिलेली माणसांची साखळी रंगवली. दुभंगलेल्या शहराच्या भिंतीवर जोडलेली माणसे! ते चित्र लवकरच इतरांच्या रंगांखाली गेले आणि तीन वर्षांनी ती भिंतच पडली. पुढच्याच वर्षी, १९८७मध्ये, पॅरिसमधील नेकर या मुलांच्या रुग्णालयाच्या बाहेरच्या जिन्याचा मनोरा त्याने आजारी मुलांसाठी रंगवला.

१९८८ साली आपल्याला एड्स झाल्याचे त्याला कळले. त्या काळी त्या रोगाचे नाव उच्चारायलाही लोक कचरत. त्याने ते लपवले नाही. मुलाखत देऊन जगाला सांगितले. १९८९मध्ये त्याने मुलांसाठी व एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत करणारे प्रतिष्ठान स्थापन केले. १६ फेब्रुवारी १९९० रोजी तो वारला. वय वर्षे ३१.

आता पहिला आक्षेप: हा माणूस भिंती खराब करणारा होता.

भिंत कुणाची, हा प्रश्न आपण कधी नीट विचारला आहे काय? महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखण्यासाठी १९९५चा कायदा आहे. आपल्या नाक्यावर उभे राहून डोळे उघडून पाहा. पुढाऱ्याचा हसरा चेहरा, त्याच्याखाली पन्नास चिल्लर चेहरे, क्लासची जाहिरात, मूळव्याधीवरचा रामबाण इलाज. ही विद्रूपता आपल्याला दिसेनाशी झाली आहे, कारण तिच्यामागे पैसा किंवा सत्ता उभी आहे. पैसे मोजून डोळ्यांवर केलेला हल्ला आपण निमूट सोसतो आणि एक तरुण रिकाम्या जाहिरातफलकाच्या काळ्या कागदावर खडूने रांगते बाळ काढतो, तेव्हा आपल्याला कायदा आठवतो. हेरिंगने कायदा मोडला, हे मी नाकारत नाही. त्याने दंडही भरला. परवानगीवाचून दुसऱ्याच्या भिंतीला हात लावू नये, हे आमच्या मुलांना मी पहिल्याच दिवशी बजावले आहे. पण दफनभूमीची भिंत दुसऱ्याची नाही. ती आपली आहे आणि परवानगी मागायलाच ही मुले माझ्याकडे आली होती. ज्यांनी त्या भिंतीवर पिचकाऱ्या मारल्या, त्यांनी कधी अर्ज केल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्याविरुद्ध निनावी पत्रही कधी आले नाही.

शिवाय भिंतीवरच्या रेघोट्यांचा तिरस्कार करताना ख्रिस्ती माणसाने थोडे जपून बोलावे. आमची कला राजवाड्यात जन्मलेली नाही. रोमच्या भूमिगत दफनस्थळांच्या भिंतींवर मासा, नांगर, कबुतर, मेंढपाळ अशी साधी चित्रे काढून आमच्या पूर्वजांनी आपल्या मृतांच्या आशेची खूण ठेवली. दफनभूमीची भिंत रंगवणे हा काही आमच्या युवक मंडळाने लावलेला शोध नव्हे. रोममध्येच पॅलाटिन टेकडीवर भिंतीत कोरलेले एक ओबडधोबड चित्र सापडले. क्रुसावर खिळलेल्या गाढवतोंड्या माणसापुढे एक भक्त उभा आहे; कुणीतरी आलेक्सामेनोस नावाच्या ख्रिस्ती माणसाची केलेली ही थट्टा. क्रुसावरील मृत्यूच्या आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या चित्रांत तिची गणना होते. म्हणजे कुणा भिंत खराब करणाऱ्या टवाळानेही आपल्या श्रद्धेची साक्ष जपून ठेवली! आणि प्रभूने एकदाच काही लिहिल्याचे शुभवर्तमान सांगते, तेही जमिनीवर, धुळीत, बोटाने. समोर धोंडे घेतलेले धार्मिक लोक उभे होते आणि मध्ये एक स्त्री. काय लिहिले, ते कुणी टिपून ठेवले नाही. धोंडे मात्र खाली पडले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला मी अधिक गंभीरपणे उत्तर देतो.

हेरिंगचे खाजगी जीवन ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार नव्हते. त्याच्या चित्रांपैकी काही चित्रे उघड लैंगिक आहेत. ती मी चर्चच्या आवारात लावणार नाही, मुलांना दाखवणार नाही आणि त्यांचे समर्थनही करणार नाही. देह आणि विवाह यांविषयी ख्रिस्तसभा जे शिकवते, ते मी व्यासपीठावरून शिकवत आलो आहे आणि यापुढेही शिकवीन. हे एकदा स्वच्छ सांगितले, म्हणजे पुढचे बोलायला मी मोकळा झालो.

संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की, कारागिराची कारागीर म्हणून स्तुती होते ती त्याच्या हातच्या कामाच्या गुणावरून. ते काम त्याने कोणत्या इच्छेने केले, यावरून नव्हे. हे मत काही कुणा आधुनिक बंडखोराचे नव्हे. काराव्हाज्योने १६०६ साली रोममध्ये एका माणसाला ठार मारले आणि फरारी झाला. तरी संत मत्तयाच्या पाचारणाचे त्याचे चित्र रोमच्या चर्चमधून आम्ही खाली उतरवले नाही. फ्रान्समध्ये डॉमिनिकन धर्मगुरू कूतुरिए यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आग्रह धरला की, श्रद्धाळू पण सुमार कलावंतापेक्षा श्रद्धेबाहेरच्या थोर कलावंताला बोलवावे. त्यातूनच मातिस यांचे वाँस येथील चॅपेल १९५१ साली उभे राहिले. पोप सहावे पॉल यांनी ७ मे १९६४ रोजी सिस्टिन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावून, ख्रिस्तसभेने त्यांना दिलेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. २०२३च्या जून महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी त्याच चॅपेलमध्ये सुमारे दोनशे कलावंतांना बोलावले. एका क्रूसचित्रामुळे ज्याच्यावर जगभर टीकेचे मोहोळ उठले होते, तो अमेरिकन छायाचित्रकार आंद्रेस सेरानोही त्यांत होता. ‘पोप’ आणि ‘पॉप’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे, असे मी विनोदाने म्हणत असे. तो विनोद आता तितकासा विनोद राहिलेला नाही.

आणि आपल्याच घरातले पाहा. गोव्याच्या सांतेस्तेव्हचा आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून आला आणि त्याने पवित्र मरीयेला साडी नेसवली. त्याचे वैयक्तिक आचरण निष्कलंक होते. तरी आपल्याच धर्मबांधवांनी त्याला इतके दुखावले की, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्याने आपले आयुष्य काढले. म्हणजे कलावंत सदाचारी असला तरी आम्ही त्याला बाहेर ठेवतो आणि दुराचारी असला तरीही बाहेरच ठेवतो. मग आपला आक्षेप खरोखर आचाराला आहे, की नवेपणाला? पत्रलेखकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पण पत्रातील ज्या वाक्याने माझी झोप उडवली, ते निराळेच होते: ‘एड्सने मेलेला माणूस’. लिहिणाऱ्याने तो शब्द शिक्क्यासारखा मारला होता. त्याखाली आणखी काही लिहिण्याची त्याला गरज वाटली नव्हती.

त्या शब्दाचे माझे एक जुने देणे आहे. नव्वदच्या दशकात मी सेमिनरीचा विद्यार्थी असताना पाळकीय अनुभवासाठी एका धर्मग्रामात राहत होतो. मुंबईला नोकरी करणारा तिथला एक तरुण आजारी होऊन घरी परतला. आजाराचे नाव कुणी घेत नव्हते, पण ठाऊक सर्वांना होते. त्याच्या आईने निरोप पाठवला. मी ख्रिस्तशरीर घेऊन गेलो आणि दारात थबकलो. आतून ती माउली म्हणाली, ‘ये बाबा, आत ये.’ मी आत गेलो, पण त्याच्या कपाळाला हात लावला नाही. प्रार्थना म्हटली, पाणीही न घेता निघालो. स्पर्शाने तो रोग होत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होते. महिन्याभराने तो गेला. शवपेटी खांद्यावर घ्यायला चौघे मिळेनात. शेवटी हातगाडीवरून आणली. दफनभूमीच्या अगदी कोपऱ्यात, भिंतीलगत, त्याला जागा मिळाली. लोक फाटकाशी उभे राहिले. त्या दिवशी त्याच्या आईने मातीची मूठ टाकली आणि मागे वळून आमच्याकडे पाहिले. तिने काही म्हटले नाही. मी जवळच उभा होतो आणि माझे हात झग्याच्या बाह्यांत होते.

म्हणून कुणी ‘एड्सने मेलेला’ असे म्हणतो, तेव्हा मला चित्रकार आठवत नाही. माझेच हात आठवतात.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये काय घडत होते? १९८५च्या नाताळच्या पूर्वसंध्येला मदर तेरेसांनी त्या शहरातील ग्रेनिच व्हिलेज भागात एड्सच्या रुग्णांसाठी घर उघडले आणि पहिले रुग्ण म्हणून तुरुंगातल्या कैद्यांना आणले. त्यांनी आधी कुणाचे चारित्र्यप्रमाणपत्र मागितले नाही. त्याच शहरात चार-पाच वर्षांनी एक मरणासन्न चित्रकार मऊ मातीच्या फलकांवर, आधी आखणी न करता, पाते फिरवून ख्रिस्ताचे जीवन कोरीत होता. त्याच्या शेवटच्या कामांपैकी ते एक होते. पुढे ब्राँझमध्ये ओतून, वर पांढऱ्या सोन्याचा वर्ख देऊन त्याचे तीन फलकांचे वेदीशिल्प झाले. मधल्या फलकात वर क्रूस आहे, त्याखाली अनेक हातांची एक आकृती आहे आणि तिच्या कवेत बाळ आहे. आपल्या देशातल्या माणसाला अनेक हातांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वरून थेंब गळत आहेत. ते अश्रू की रक्त, हे ज्याने त्याने ठरवावे. खाली हात उंचावलेली गर्दी आहे. बाजूच्या फलकांवर देवदूत आहेत. हे वेदीशिल्प न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या एपिस्कोपल कॅथीड्रलमध्ये आहे. त्याच कॅथीड्रलमध्ये ४ मे १९९० रोजी, त्याच्या वाढदिवशी, त्याची स्मरणसभा झाली. त्याची दुसरी प्रत पॅरिसमधील सेंत युस्ताश या आपल्या कॅथॉलिक चर्चमध्ये आहे.

मरताना तो श्रद्धेकडे परतला होता काय? तो निवाडा माझा नाही. पण शेवटच्या शक्तीने हातात पाते घेतल्यावर त्याने ख्रिस्ताचे जीवन कोरायला घेतले, एवढे आपल्यासमोर आहे. वधस्तंभावरच्या चोराने याहून फार अधिक काही केले नव्हते.

तिसरा आक्षेप: ही चित्रे पोरखेळ आहेत.

उत्तर वसई-पालघरकडच्या माणसाने तरी देऊ नये. त्याने फक्त डहाणू-तलासरीच्या पाड्यावर जाऊन यावे. वारली सुवासिनी लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस होतो, त्याला काडीचे हातपाय फुटतात आणि तारप्याभोवती गाव नाचू लागते. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तीच रेषा कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण अभिमानाने टाळ्या वाजवल्या. हेरिंगने वारली चित्रे पाहिली होती, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, साधी रेषा म्हणजे सोपी रेषा नव्हे. पत्रलेखकाने एकदा खडू घेऊन, न पुसता, न थांबता, गाडी येण्याच्या आत, शंभर माणसांच्या देखत एक नाचणारा माणूस काढून दाखवावा.

इटलीतील पिसा शहर झुकत्या मनोऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या रेल्वे स्थानकाजवळ संत अंतोनी मठाधीशांचे चर्च आहे. त्याच्या मठाच्या मागील भिंतीवर जून १९८९मध्ये हेरिंगने ‘तुत्तोमोंदो’, म्हणजे ‘अवघे जग’, हे चित्र काढले. क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस मीटर, एकमेकांत गुंतलेल्या तीस आकृती. त्यांत बाळाला कवेत घेतलेली आई आहे, डॉल्फिन वाहणारी माणसे आहेत. दोन माणसांची मिळून एक कात्री झाली आहे आणि ती कात्री सापाला कापते आहे. एकट्याला न कापता येणारा साप दोघे जोडीने कापतात! प्रारंभीच्या ग्रंथातला साप ओळखायला आपल्या धर्मशिक्षणवर्गातल्या पोराला वेळ लागणार नाही. या चित्राला परवानगी देणाऱ्या त्या व्रतस्थांना, हा चित्रकार कोण आणि कसा, हे ठाऊक नव्हते असे समजू नये. भिंत त्यांनी दिली. आठ महिन्यांनी चित्रकार गेला. भिंत अजून बोलते आहे.

येथवर मी हेरिंगचा वकील होतो. आता मला फिर्यादी होऊ द्या. कारण जे आक्षेप पत्रलेखकाने घ्यायला हवे होते, ते त्याने घेतलेच नाहीत.

पहिली फिर्याद खुद्द चित्रकाराविरुद्ध. १९८६ साली त्याने न्यूयॉर्कच्या लफायेट रस्त्यावर ‘पॉप शॉप’ नावाचे दुकान उघडले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकण्यापेक्षा आपले चित्र बिल्ल्यावर, सदऱ्यावर, गरिबाच्या छातीवर असावे, असा त्याचा युक्तिवाद होता. हेतू चांगला असेल. पण त्याच हाताने त्याने मद्याच्या कंपनीची जाहिरातही केली. ज्याने रिकाम्या जाहिरातफलकावर खडूने बाळ काढून जाहिरातींच्या जगाला चिमटा काढला, तोच हळूहळू त्या जगाचा भाग झाला. दुकान २००५ साली बंद पडले. बाजार मात्र राहिला. ते किरण फेकणारे बाळ आज मोठमोठ्या कपडे-कंपन्यांच्या सदऱ्यांवर रांगते आहे. आमच्या युवक मंडळातल्या मुलांनी ते तिथूनच उचलले. त्यांना मी विचारले, ‘हे बाळ कोण?’ एकालाही सांगता आले नाही. ज्या माणसाने रोगाचे नाव उघड उच्चारून मृत्यूला तोंड दिले, त्याची खूण घालून आपण मिरवतो आणि त्याचे दुःख दुकानातच ठेवून येतो. क्रूस गळ्यात घालून क्रूस न उचलणाऱ्या माझ्या पिढीने त्यांना यावरून फार सुनावू नये. पण सांगायला हवे.

दुसरी फिर्याद आपल्याविरुद्ध, आणि ती मला अधिक बोचते. न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइड भागात ‘चर्च ऑफ द असेन्शन’ हा कॅथॉलिक धर्मग्राम आहे. त्याचे ‘ग्रेस हाउस’ नावाचे तरुणांचे केंद्र होते. १९८३-८४च्या सुमारास हेरिंगने त्या केंद्राच्या जिन्यात तळमजल्यापासून वरपर्यंत तेरा आकृती काढल्या. त्यांत ते बाळही होते. मोबदला घेतला नाही. गरीब घरांतली मुले रोज त्या आकृतींना खेटून वरखाली करीत. २०१९ साली त्या भिंती कापून काढल्या गेल्या आणि बॉनहॅम्सच्या लिलावात सुमारे ३८ लाख डॉलरना विकल्या गेल्या. नुसत्या कापण्यालाच सुमारे नऊ लाख डॉलर खर्च आला होता.

त्या धर्मग्रामाला पैशांची निकड होती. मी पण धर्मग्राम चालवतो. गळते छप्पर, शिक्षकांचे पगार, विजेचे बिल ही काही दूरची दुःखे नव्हेत, म्हणून त्या धर्मगुरुबंधूवर मी धोंडा उचलणार नाही. तरी जे घडले ते आरशासारखे समोर धरतो. चित्रकार जिवंत असताना त्याला चर्चमध्ये आणू नये, कारण तो पापी. तो मेल्यावर त्याची भिंत विकावी, कारण ती मौल्यवान. माणूस नको, किंमत हवी! यहूदाचे तीस रुपयेही अखेर परक्यांच्या दफनभूमीच्या जमिनीवरच खर्च झाले होते, हे विसरू नये.

तर वाचकहो, भिंतीचे काय ठरले? पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत तीन तास चर्चा झाली. आवाज चढले, एक सभासद उठून गेले आणि दहा मिनिटांनी परतले. शेवटी ठरले ते असे. भिंत रंगवली जाईल. पण सदऱ्यावरची उसनी माणसे तिच्यावर नकोत. नाचणारी माणसे आपल्या गावची असावीत: टोपली घेतलेली बाई, जाळे खांद्यावर टाकलेला कोळी, बँडवाला, शाळेचे पोर. चित्र काढण्याआधी मुलांनी एक महिना आठवड्यातून एकदा जवळच्या रुग्णालयात, ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशांना भेटावे. भेटताना हात धरावा. आणि भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे नाव नसलेली थडगी आहेत, तिथे चित्राची सुरुवात करावी. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जमतो. त्याआधी काम पुरे व्हावे.

निनावी पत्रलेखकाला माझी विनंती आहे. तुमचे अक्षर सुंदर आहे. भिंतीवर मृतांसाठी एक प्रार्थना लिहायची आहे आणि मुलांचे अक्षर फारसे बरे नाही. शनिवारी दुपारी चार वाजता या. नाव विचारले जाणार नाही. ब्रश आणि डबा मी तयार ठेवीन आणि शिडी मीच धरीन.